तारेच्या वेटोळ्याचा एपिड्युरल कॅथेटर: घालायला उत्तम, काढायला जपून

एपिड्युरल कॅथेटर म्हणजे वेदना थांबवणारं औषध देण्यासाठी पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच्या (एपिड्युरल) जागेत घातलेली बारीक नळी. आत तारेचं बारीक वेटोळं आणि त्यावर पॉलियुरेथेनचं आवरण असलेला एपिड्युरल कॅथेटर घालताना साध्या नायलॉनच्या कॅथेटरपेक्षा नक्कीच उजवा ठरतो. टोक मऊ असल्याने तो रक्तवाहिनीत कमी वेळा शिरतो, पायात झिणझिण्या कमी येतात आणि वाकला तरी नळी सहसा चिमटत नाही. प्रसूतीच्या कळांसाठी आम्ही हाच सुचवू. त्याचे गुण कमी होतात ते बाहेर काढताना.

नायलॉनचा कॅथेटर अडकला की आधी लांबतो, बारीक होतो आणि मग तुटतो, त्यामुळे हाताला थोडी तरी सूचना मिळते. तारेच्या कॅथेटरमध्ये आवरण फाटून वेटोळं उलगडू लागलं, तर कॅथेटर बाहेर येतोय असंच वाटत राहतं. प्रत्यक्षात तार सुटत असते. म्हणून काढल्यावर टोक अखंड आहे का ते पाहायचं आणि तशी नोंद करायची. शंका आली तर मोजपट्टीवर विसंबू नका, कारण ताणलेला तुकडा मूळच्यापेक्षा लांब भरतो. त्याच कंपनीचा नवा कॅथेटर शेजारी ठेवून सेंटिमीटरच्या खुणा मोजा. ज्या खुणा नाहीत, तेवढा भाग आत आहे.

तुटण्याची कारणं बहुधा टाळता येण्याजोगी असतात. टुओही सुई (कॅथेटर ज्यातून घालतात ती पोकळ सुई) आत असताना कॅथेटर मागे ओढला की सुईच्या धारेवर तो कापला जातो. काढायचाच तर सुई आणि कॅथेटर एकत्र काढावेत. एपिड्युरल जागेत 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त सोडला तर गाठ बसण्याचा धोका वाढतो. काढताना रुग्णाला कुशीवर, पाठ वाकवून किंवा घालतेवेळच्या स्थितीत ठेवावं आणि त्वचेजवळ धरून हळू, सलग ओढावं. आर्टरी फोर्सेप्स (पकडीचा चिमटा) लावूच नये, आवरण तिथेच चिरतं. ताण जाणवला की थांबा. हलक्या ताणावर चिकटपट्टीने बसवून काही तासांनी पुन्हा प्रयत्न करा, किंवा कॅथेटरमधून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं 10 मिलि सलाईन देऊन पाहा. ओढताना पायात कळ गेली तर पुढे ओढणं बंद. कॅथेटर मज्जातंतूच्या मुळाभोवती अडकलेला असू शकतो. आधी सीटी करा.

तुटलाच, तर घाईने चीर देऊन शोधू नये. टोक त्वचेतून दिसत असेल तर निर्जंतुक पद्धतीने लगेच पकडावं, कारण ते आत सरकू शकतं आणि संसर्गाला वाटही तीच. दिसत नसेल तर सीटी आणि न्यूरोसर्जनचा सल्ला. प्रौढ रुग्णाला काहीच त्रास नसेल आणि तुकडा खोल असेल, तर बहुतेक वेळा तो तसाच ठेवून लक्ष ठेवलं जातं. पायात कमजोरी किंवा मुळाची वेदना, लघवी-शौचाची तक्रार, संसर्ग, किंवा तुकडा सबॲरॅक्नॉइड जागेत (मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) असणं, ही शस्त्रक्रियेचा विचार करण्याची कारणं. बाहेर आलेला भाग फेकू नका; लॉट क्रमांकासह (पाकिटावरचा उत्पादन-गटाचा क्रमांक) जपून ठेवा आणि उत्पादकाला कळवा.

इथेच तारेचा तोटा सर्वांत जड पडतो. सीटीत ती छान दिसते, पण एमआरआयमध्ये धातू तापण्याचा धोका असतो आणि आसपासचं चित्रही बिघडतं. म्हणजे पाठीत राहिलेला छोटा तुकडा त्या रुग्णाच्या पुढच्या प्रत्येक एमआरआयच्या आड येतो. रुग्णाला हे स्पष्ट सांगून लेखी द्यायलाच हवं: तुकडा कुठे आहे, किती लांब आहे, त्यात धातू आहे, आणि ताप, पाठदुखी किंवा पायात बधिरपणा आल्यास त्याच दिवशी यायचं. ही माहिती दडवणं अक्षम्य आहे.

उत्पादकांनी अडकलेला कॅथेटर काढण्याच्या पायऱ्या आणि एमआरआयची सूचना पाकिटावरच ठळक छापावी. ज्यांना कॅथेटर असतानाच एमआरआय लागण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी तार नसलेला पॉलियुरेथेनचा कॅथेटर घ्यावा आणि दोन्ही प्रकार वेगळ्या कप्प्यांत ठेवावेत. हातात असताना ते पटकन ओळखू येत नाहीत.