डिस्ने वर्ल्डची तिकिटं मोठ्या कुटुंबासाठी: हिवाळाभर वापरल्यानंतरचं मत

ऑरलँडोच्या डिस्ने वर्ल्डला घरच्या सगळ्यांना घेऊन जाणार असाल, तर सगळ्यांसाठी एकाच प्रकारचं तिकीट काढू नका. आम्ही फ्लोरिडातच, टँपाला राहतो. आई-बाबा नाशिकहून हिवाळाभर राहायला आले होते, जानेवारीत दादा-वहिनीही मुलांना घेऊन आले. तीन प्रकारे तिकिटं काढली आणि तिन्ही पुरेपूर वापरली.

आम्हा दोघांचा आणि लेकीचा वर्षभराचा पायरेट पास आहे. तो फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळतो, पत्त्याचा पुरावा लागतो, पैसे महिन्याच्या हप्त्याने भरता येतात. पार्किंग त्यात येतं, एरवी गाडीमागे रोज वेगळे पैसे जातात. म्हणून शनिवारी दुपारनंतर नुसतं दोन तास एपकॉट या तिथल्या एका पार्काला फिरून यायलाही जड वाटत नाही. याहून स्वस्त पिक्सी डस्ट पास शनिवार-रविवारी चालत नाही, त्यामुळे शाळकरी मूल असलेल्या घराला त्याचा फारसा उपयोग नाही. पायरेटही नाताळच्या दिवसांत बंद असतो, आणि भारतातले पाहुणे बहुतेकदा तेव्हाच येतात! त्यांच्या तारखा पक्क्या झाल्यावरच पास निवडा.

दादाकडच्यांना चार दिवसांचं तिकीट काढलं. दिवस वाढले की दर दिवसाचा भाव उतरतो. चार दिवस सलगच हवेत असंही नाही, पहिल्या तारखेपासून सात दिवसांत वापरायचे. एक दिवस पार्क, एक दिवस घरी आराम, असं केल्याने मुलं रडकुंडीला आली नाहीत. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणून धाकटा फुकट. थोरल्याला मात्र मोठ्यांचं लागलं, कारण दहाव्या वर्षापासून पूर्ण दर आहे.

एकाच दिवसात दुसऱ्या पार्कात जाऊ देणारं पार्क हॉपर आम्ही मुद्दाम घेतलं नाही. बाबागाडी, पिशव्या, बस, परत तपासणी, यात अर्धी दुपार जाते. पार्क चार आणि दिवस चार असताना त्यावर खर्च कशाला? रांग टाळणारी लायटनिंग लेनही सगळ्यांना घ्यावी लागत नाही, फक्त थरारक राइड्समध्ये बसणाऱ्यांना घ्या. फ्लाइट ऑफ पॅसेज या राइडला उंची किमान ४४ इंच लागते, म्हणजे धाकट्याचा प्रश्नच नव्हता. तिथे रायडर स्विच मागा. दादा आणि थोरला जाऊन येईपर्यंत वहिनी धाकट्यापाशी थांबली, मग तिला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागली नाही. ही सोय फुकट आहे.

आई-बाबांचा विचार सगळ्यात जास्त केला. फ्लोरिडाचा पत्ता नाही म्हणून स्वस्त पास नाहीत. चार दिवसांचं तिकीट हिशोबाला बरं दिसतं, पण एका आठवड्यात चार दिवस चालणं बाबांच्या गुडघ्यांना झेपलं नसतं. म्हणून एकेका दिवसाची तिकिटं, मध्ये भरपूर अंतर ठेवून आणि आठवड्याच्या मधल्या वारी काढली. भाव तारखेप्रमाणे आणि पार्काप्रमाणे बदलतो. मॅजिक किंगडम सगळ्यात महाग, ॲनिमल किंगडम बहुधा सगळ्यात स्वस्त. आणि वडीलधाऱ्यांना तेच जास्त आवडतं! सफारीच्या उघड्या गाडीत जिराफ अगदी जवळून गेला तेव्हा बाबा लहान मुलासारखे खूश झाले. एपकॉटला तळ्याभोवती अकरा देशांचे मंडप आहेत, फेरी जवळपास दोन किलोमीटरची. फाटकाशी व्हीलचेअर भाड्याने मिळते. ती आधीच घ्या, दमल्यावर नको.

घरचं खाणं आत नेऊ देतात, फक्त काचेचे डबे-बाटल्या नकोत. आमच्या दशम्या आणि चटणी दोन्ही वेळा कामी आली. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या मुक्कामाच्या ठिकाणी सना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे जायला पार्कचं तिकीट लागत नाही. नान आणि चटण्या मिळतात, काचेपलीकडे झेब्रे चरत असतात. डिस्ने स्प्रिंग्ज या दुकानं-खाण्याच्या परिसरालाही प्रवेश आणि पार्किंग फुकट आहे. आई-बाबांबरोबर एक दिवस आम्ही असाच, तिकिटाविना काढला.

कुणी उरलेल्या दिवसांचं तिकीट स्वस्तात देऊ केलं तर घेऊ नका. फाटकावर बोटाचा ठसा घेतात आणि एकाचं तिकीट दुसऱ्याला चालत नाही.