धावायचे रस्ते सुचवणारं ॲप : दिवाळी ते मे, छत्रपती संभाजीनगरात

किती किलोमीटर धावायचंय ते सांगा, घरून निघून घरीच आणून सोडणारा रस्ता हे ॲप आखून देतं. थंडीत मी त्यावर जाम खूश होतो. दिल्ली गेट, हिमायत बागेची कड, पुढं विद्यापीठाच्या आवारातून गोगाबाबा टेकडीचा पायथा, हा रस्ता त्यानंच सुचवला. झाडी भरपूर, गाड्या कमी. झकास!

शिमगा झाला आणि पितळ उघडं पडलं. याला अंतर कळतं, चढ कळतो, ऊन कळत नाही. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, आणि हे भर साडेआठला बीड बायपासचा उघडा पट्टा पुढं करतं. इतरांनी धावल्या-फिरल्याच्या नोंदी जिथं जास्त ठेवल्यात, तो रस्ता चांगला, असा याचा हिशोब. इथं धावणारे नोंदी ठेवतात कुठं? बायपासला जाणारे सायकलवाले ठेवत असावेत. मग त्यांचाच रस्ता आमच्या माथी. सावलीचा किंवा पाण्याच्या सोयीचा पर्यायच नाही.

एकदा पायवाटेनं नेऊन कुलूपबंद गेटासमोर उभं केलं. मी स्क्रीन दाखवला तर वॉचमन म्हणाला, "काका, मोबाईलमधी असंल, इथं न्हाई." नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा आहे, म्हणजे कुणालाही दुरुस्त करता येतो. घरी येऊन ते गेट मीच टाकलं; काही आठवड्यांनी ॲपनं ती वाट सोडली. कंपनीला पाठवलेल्या तक्रारीला मात्र अजून उत्तर नाही.

चढाच्या आकड्यावर जाऊ नका. हवेचा दाब मोजणारा सेन्सर नसलेल्या माझ्या फोनात उंची जीपीएसवरून येते, ती सतत थोडी खालीवर होते, आणि ॲप तेवढं सगळं बेरजेत धरतं. सपाट जालना रोडवरही टेकडी चढल्याचं कौतुक होतं. अंतर मोकळ्या आभाळाखाली ठीक येतं. गुलमंडीच्या गल्ल्यांत मात्र नकाशावरची आपली रेघ घराघरांतून फिरते.

पैसे भरून मिळणारी आवृत्ती महिनाभर फुकट वापरली. जास्तीचे आलेख आहेत, बाकी काही नाही. घेऊ नका. फुकटात स्वतः बोटानं रस्ता आखता येतो, तेवढं पुरतं. फक्त फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन ॲपवरची बंधनं काढा. नाहीतर स्क्रीन बंद होताच फोन ॲपला झोपवतो आणि दिल्ली गेटपासून मकबऱ्यापर्यंत सरळ रेघ उमटते, खाम नदीवरून उडत गेल्यासारखी.