आईला कुठली लस चालेल? संधिवात, केमो, किडनी बदललेल्यांच्या घरच्यांसाठी

गेल्या पावसाळ्यात आईला नागीण झाली. डाव्या बरगडीपासून पाठीपर्यंत फोडांचा पट्टा. शेजारच्या काकू वाटीत गेरू कालवून घेऊन आल्या, "दोन टोकं जुळू देऊ नका गं" म्हणाल्या. (टोकं जुळून माणूस जातो हे खरं नाही. नागीण मज्जातंतूच्या वाटेने उठते, म्हणून बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहते.) फोड तीन आठवड्यांत वाळले, पण ठणका चार महिने राहिला. साडीचा काठ घासला तरी ती कळवळायची.

आईने तीस वर्षं विड्या वळल्या. आता त्याच बोटांचे सांधे सुजलेले असतात आणि दर रविवारी मेथोट्रेक्सेटच्या (संधिवातावरच्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या) गोळ्या असतात. नागीण होण्याच्या वर्षभर आधी आम्ही एका दवाखान्यात लसीचं विचारलं होतं. उत्तर मिळालं, "यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, कुठलीच लस नको." आम्ही मान डोलावून घरी आलो. ते उत्तर काही लसींपुरतं बरोबर होतं, नागिणीच्या आताच्या लसीला मात्र लागू नव्हतं. तुमच्या घरीही हा प्रश्न पडला असेल, तर लसींचे दोन गट आधी समजून घ्या.

पहिला गट जिवंत लसींचा. यात जंतू अशक्त केलेला असतो, पण जिवंत असतो आणि शरीरात थोडा वाढतो. धडधाकट माणूस त्याला आवरतो. प्रतिकारशक्ती फार दबलेली असेल तर तोच जंतू आजार करू शकतो. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर, कांजिण्यांची लस, बीसीजी, पोलिओचे थेंब, पीतज्वराची लस, नाकात फवारायची फ्लूची लस या सगळ्या जिवंत.

दुसरा गट निर्जीव लसींचा. मेलेला जंतू किंवा त्याचा एखादा तुकडा. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोनियाच्या लसी, हिपॅटायटिस बी, धनुर्वात, रेबीज, एचपीव्ही. यातलं काहीच शरीरात वाढत नाही, त्यामुळे लसीतून तो आजार होण्याचा प्रश्नच नाही. इथली काळजी वेगळी आहे: लस अंगी किती लागेल? दबलेल्या शरीरात ती कमी लागते. म्हणून ती टाळायची नसते, नीट वेळ साधून घ्यायची असते.

जिवंत लसही सरसकट बंद नाही. एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसाच्या सीडी-4 पेशी (एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रक्तातल्या संरक्षक पेशी) तपासणीत सहा महिने 200 च्या वर टिकल्या असतील तर एमएमआर देता येते. स्टेरॉइडचा हिशेब असा: प्रेडनिसोलोन रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त, दोन आठवडे किंवा जास्त चाललं असेल, तर जिवंत लस नको. बंद केल्यावरही निदान चार आठवडे थांबायचं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. सांधेदुखीवर गावोगावी बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. आईही अशा पुड्या घेत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा पुडीसुद्धा टेबलावर ठेवा.

आता नागिणीच्या दोन लसी. जुनी जिवंत होती. साठीच्या पुढच्यांत ती साधारण निम्म्या नागिणी टाळायची, वय वाढेल तसं कमी. प्रतिकारशक्ती फार दबलेल्यांना ती देणं जोखमीचंच होतं, आणि अमेरिकेत तिची विक्री 2020 मध्ये थांबली. नवी, शिंग्रिक्स, भारतात 2023 मध्ये आली. तिच्यात विषाणूचं एकच प्रथिन असतं, जिवंत काही नाही. पन्नाशीच्या पुढच्या निरोगी लोकांत ती 90 टक्क्यांहून जास्त नागिणी टाळते. स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्या, म्हणजे फारच दबलेल्या रुग्णांत हा आकडा 68 टक्के आला. कमी झाला, पण माझ्या मते घेण्याजोगा नक्कीच. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना दुसरा डोस एक-दोन महिन्यांतच देता येतो, एरवी दोन ते सहा महिन्यांनी.

तिच्या उणिवाही सांगते. दंड चांगलाच दुखतो, दोन-तीन दिवस अंग मोडून येतं, ताप येऊ शकतो. गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार होण्याची शक्यता किंचित वाढते: पासष्टीपुढच्यांत दहा लाख डोसांमागे साधारण तीन जास्तीचे रुग्ण. आणि खर्च मोठा, दोन डोस मिळून वीस हजारांच्या आसपास. "त्यापेक्षा कांजिण्यांची लस स्वस्त आहे, विषाणू तोच" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ती जिवंत आहे आणि नागिणीच्या लसीची जागा घेत नाही.

आईने नागीण भरून आल्यावर ही लस घेतली. मेडिकलमधून दवाखान्यात ती मी स्वतः नेली. मे महिना, पारा 43 च्या वर, रिक्षात गरम वारा. लस 2 ते 8 अंशांतच राहावी लागते, आणि गोठली तरी वाया जाते. म्हणून थर्मोकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी, तिच्यावर नॅपकिन आणि मग लस. दवाखान्याच्याच फ्रीजमधली लस मिळत असेल तर तीच घ्या.

फ्लूच्या बाबतीत निवड सोपी: नाकातली नको, इंजेक्शन दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी एक विचारून घ्यावं. कोरियातल्या एका अभ्यासात फ्लूच्या लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलेल्यांपैकी 75 टक्क्यांना लस नीट लागली, चालू ठेवलेल्यांपैकी 54 टक्क्यांना. मात्र गोळ्या थांबवायच्या त्या सांधे शांत असतील तरच, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच.

न्यूमोनियासाठी आधी पीसीव्ही 13 (न्यूमोनियाच्या जंतूच्या 13 प्रकारांवरची लस) आणि निदान आठ आठवड्यांनी 23 प्रकारांवरची लस. पीसीव्ही 20 मिळाली तर ती एकच पुरते.

आत्ता घ्यावी की थांबावं? उपचार सुरू व्हायचे असतील तर आधी: निर्जीव लस शक्यतो दोन आठवडे आधी, जिवंत चार आठवडे. रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शननंतर सहा महिने लस फारशी लागत नाही, म्हणून ते सुरू होण्याआधीच विचारा. प्लीहा काढायची ठरली असेल तरी शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधीच न्यूमोनिया आणि मेनिंजायटिसच्या लसी उरका.

घरच्यांनी स्वतःच्या लसी घ्याव्यातच. नातवंडांना एमएमआर द्यायला हरकत नाही. पोलिओच्या थेंबांचं तेवढं वेगळं: थेंबांतला विषाणू बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. घरात कुणाची प्रतिकारशक्ती फारच दबली असेल, म्हणजे केमो किंवा नुकतंच प्रत्यारोपण, तर बाळाला थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन देता येईल का हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. थेंब दिलेच असतील तर लंगोट आजीने बदलू नये, बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत.

आणि कुत्रं चावलं तर यातलं काहीही तोलत बसू नका. जखम साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि तडक सिव्हिलला जा. गोळ्या कसल्या चालू आहेत ते पहिल्या वाक्यात सांगा. अशा रुग्णाला लस कातडीत न देता स्नायूत, पाचही डोस (0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी) लागतात, आणि नुसतं खरचटलं असलं तरी सोबत सीरमही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं.