कच्च्या तेलाचा स्पेक्ट्रम: सेल की एटीआर?

तेलावर इन्फ्रारेड लाइट सोडून त्यातला कुठला किती शोषला जातो ते मोजलं की त्याचा स्पेक्ट्रम मिळतो, आणि तेल मशीनमध्ये ठेवायचे दोन मार्ग आहेत, सेल किंवा एटीआर. उरणला समुद्राखालच्या पाइपलाइनने मुंबई हायचं तेल येतं, आणि ते मेणकट असतं हे आधीच सांगतो कारण पुढे तेच नडतं.

सेलमध्ये, म्हणजे दोन खिडक्यांमध्ये तेलाचा थर धरणाऱ्या डबीत, लाइट तेलातून आरपार जातो, आणि तेल काळंकुट्ट असलं की पलीकडे पोचतो किती? ॲब्सॉर्बन्स (लाइट किती शोषला गेला त्याचं माप) २ म्हणजे पलीकडे १ टक्का, ३ म्हणजे फक्त ०.१ टक्का. आता मशीनमध्ये भटका लाइटच (तेलातून न जाता डिटेक्टरवर पोचणारा) ०.१ टक्का असेल तर खरा ३ तुम्हाला २.७ दिसणार, आणि गंमत म्हणजे दहा वेळा मोजा, दहाही वेळा २.७च, रिपीटेबिलिटी एकदम झकास आणि उत्तर चूक! रिपोर्टात नुसतं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे एकमेकांपासून किती विखुरलेत ते) टाकणाऱ्यांनी हे जरा बघावं. १ मिमी सेलची जाडी ०.०१ मिमीने चुकली तर १ टक्का एरर, पण स्पेक्ट्रममधल्या दोन पीकचं (शिखरांचं) गुणोत्तर घेतलं की ती उडते, कारण दोन्हींत ती सारखीच असते.

एटीआरमध्ये लाइट हिऱ्याच्या आतून येऊन त्याच्या पृष्ठभागावरूनच परततो. त्या हिऱ्यावर एक थेंब पुरतो, लाइट तेलात मायक्रॉन-दोन मायक्रॉनच (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) शिरतो म्हणून काळेपणाचं टेन्शन नाही. पण तो हिऱ्याला चिकटलेला थरच बघतो, थंड हिऱ्यावर मेण बसलं की तुम्ही तेल नाही, मेण मोजताय. क्रिस्टल, म्हणजे तो हिरा, गरम ठेवा. शिवाय सिग्नल बारीक, त्यामुळे किंचित असलेला घटक नॉइजमध्ये (मशीनच्या स्वतःच्या चढउतारात) बुडतो, तिथे सेलच लागतो.

कोकणातल्या पावसाळ्यात मात्र माझं मत एटीआरला, कारण सेलच्या केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड, पाण्यात विरघळणारं मीठ) खिडक्या दमट हवेनेच धुरकट होतात, हिऱ्याला काही फरक पडत नाही.