जुनं नाशिक की गंगापूर रोड? राहायचं कुठे, कामाला बसायचं कुठे

पुण्या-मुंबईहून नाशिकला येऊन स्वतःचं काहीतरी सुरू करू पाहणारे हल्ली बरेच भेटतात. बहुतेकांची गोदाघाटावर एक चक्कर झालेली असते. नारोशंकराची घंटा पाहिलेली असते, तिवंध्याच्या चढावरच्या लाकडी माड्यांचे फोटो काढलेले असतात, आणि खाली ऑफिस, वर घर असा वाडा डोक्यात पक्का बसलेला असतो. मग घरं बघायला निघाले की एजंट त्यांना थेट गंगापूर रोडला नेतो. तिथला तीन बेडरूमचा फ्लॅट बघून मन दोन्हीकडे ओढ घेतं.

माझं मत आधीच सांगतो. तुमच्याकडे गिऱ्हाईक पायी येणार असेल तर जुनं नाशिक. काम लॅपटॉपवरचं असेल तर गंगापूर रोड, कॉलेज रोड नाहीतर इंदिरानगर. घराच्या देखणेपणाचा नंबर त्यानंतर लागतो.

कामाच्या बाजूने

जुन्या नाशिकची खरी ताकद वाड्यांत नाही, शेजारच्या दुकानांत आहे. सराफ बाजाराचंच बघा. एका पेढीवर जुना दागिना मोडीत घातला की आटणी करणारा जवळच असतो. घडवणारा वरच्या माडीवर, उजाळा देणारा पुढच्या बोळात आणि मंगळसूत्र गाठवून देणारा त्याच्याही पुढे, ओट्यावर मांडी घालून बसलेला. माल हातोहात फिरतो, बराचसा शब्दावर. एखादा चांदीकाम करणारा इथून उठून चकचकीत कॉम्प्लेक्समध्ये गेला तर दुकान मोठं होईल, पण यातल्या प्रत्येक कामासाठी गाडी काढावी लागेल. तांबट लेनचंही तेच. तांब्या-पितळेची भांडी घडवणारे हात आता कमी झालेत, तरी मठारकामाचा आवाज कानावर येतो. एक ठोका, हंडा जरासा फिरवायचा, पुढचा ठोका. कल्हई, डाग देणं, जुनी मोड विकत घेणं, सगळं एका हाकेवर.

शिवणकाम, पूजासाहित्य, बुकबाइंडिंग, लग्नपत्रिका, घड्याळदुरुस्ती, अगदी व्यापाऱ्यांचे हिशेब बघणारा करसल्लागारसुद्धा. अशांना जुनं गाव पोसतं. मेन रोडला खरेदीला आलेलं माणूस रविवार कारंजापर्यंत चालत जातं आणि वाटेत चार कामं उरकतं. बुधवारी गंगेवर आठवडे बाजार असतो, तेव्हा खेड्यापाड्यांतून येणारं गिऱ्हाईक वेगळंच. (गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. नव्या माणसाने पहिल्या दिवशीच हे अंगवळणी पाडून घ्यावं, नाहीतर पत्ता विचारताना घोळ होतो.)

लॅपटॉपवाल्याला मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. जाडजूड भिंतींमुळे माजघरात मोबाइलची रेंज जाते, वायफाय एका खोलीतून दुसरीत धड पोचत नाही, वायरिंग जुनं असतं. बाहेर ढोल, घंटा, हॉर्न चालूच. परगावचा क्लायंट गाडी घेऊन आला तर ती लावायची कुठे यावर तीन फोन होतात. कुरियरवाला तर बोळाच्या तोंडाशी उभा राहून विचारतो, “साहेब, तुम्हीच बाहेर येता का?” गंगापूर रोडला लिफ्ट, बॅकअप, पार्किंग, कॉलेजांमुळे मिळणारी तरुण मुलं आणि बसून बोलायला कॅफे, हे सगळं आहे. दिसायला कुठल्याही शहरासारखं आहे, हे खरं. पण महिनाअखेरीला बिल काढायचं असतं, तेव्हा तेच बरं वाटतं.

नोकरी सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत असेल तर जुन्या गावाचा विचारही करू नका. मुंबईला अधूनमधून जाणाऱ्यांना दोन्हीकडून नाशिकरोड स्टेशन लांबच. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस सकाळी पकडून रात्री परत येता येतं. सिटीलिंकची बस बोळांत शिरत नाही, पण शालिमारपर्यंत चालत गेलात की झालं.

घर आणि त्याचे कागद

फ्लॅटचे कागद समजायला सोपे. रेराचा नंबर, भोगवटा दाखला, सोसायटीचं नाहरकत, बँकेचं कर्ज. वाड्याचं तसं नाही. गावठाणात सातबारा चालत नाही. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक, काढायचं. त्यावर बऱ्याचदा गेलेल्या आजोबांचंच नाव असतं, नाहीतर वारसनोंद होऊन आठ-दहा नावं लागलेली असतात. एक भाऊ इथे, एक ठाण्याला, एक बहीण परदेशात. एकाने “वाडा विकायचाय” म्हटलं म्हणून वाडा विकाऊ होत नाही. शिवाय आत जुनी कुळं असतात. पागडीने आलेलं कूळ भाडेनियंत्रण कायद्याच्या आधाराने तिथेच राहतं आणि तुम्ही घेतलेल्या वाड्यातल्या दोन खोल्या तुमच्या नसतात. वकिलाकडून शोध घेतल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नये.

भाड्याने घ्यायचं तर गोष्ट सोपी. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. “आपल्यात कशाला कागद” हे वाक्य जुन्या नाशकात प्रेमाने ऐकवलं जातं. प्रेमानेच नकार द्या.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि तरी पावसात कुठेतरी भिंत बसतेच. काझीच्या गढीवरची घरं तर मातीच्या कड्यावर उभी आहेत. वाडा बघायला जाताना सागवानी खांबांवर भाळू नका. तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे टोचून बघा. पावसाचं पाणी तिथेच मुरतं, आणि लाकूड बाहेरून ठणठणीत दिसलं तरी आतून भुसा झालेलं असू शकतं. पाडून नवं बांधू म्हणाल तर दर्शनी भाग अरुंद आणि जागा खोल, त्यात पार्किंग बसवता बसवता आर्किटेक्टला घाम फुटतो.

पाणी

हा मुद्दा एजंट सांगत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गाव दुतोंड्या मारुतीकडे, म्हणजे नदीपात्रातल्या उंच मूर्तीकडे, बघायला लागतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याला आलं. क्युसेकचे आकडे नंतर, आधी मारुती. सराफ बाजारात आणि भांडी बाजारात माल वरच्या फळ्यांवर चढायला लागतो, वह्या आणि बॅटऱ्या माडीवर जातात. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांच्या तोंडावर आहेत. तळमजल्यावर दुकान घेताना शेजाऱ्याला एकच विचारा, या तिन्ही वेळी पाणी कुठवर आलं होतं? तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

पूररेषाही बघा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम करणं जवळपास अशक्य. गंगापूर रोडवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. आनंदवल्ली-सोमेश्वरकडे ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकलेल्या फ्लॅटचा नकाशा याच रेषांवर ठेवून बघावा.

माणसं

जुन्या नाशकात एकटेपणा हा आजार नाही. जिन्यातून उतरलात की “कुठे निघालात?” हा प्रश्न येतोच, आणि दोन दिवस दिसला नाहीत तर कुणीतरी कडी वाजवतं. आजारी पडलात तर डबा येतो. मात्र तुमच्याकडे कोण आलं आणि किती वाजता गेलं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. सोसायटीत डबाही येत नाही आणि चौकशीही होत नाही. कुणाला काय सोसतं, हे ज्याचं त्यानेच ओळखावं.

आणि एक स्पष्टच लिहितो. आळीचा आपलेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. याच गावात, पंचवटीत, २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो पुढे काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. आजही भाड्याची खोली विचारायला गेलं की काही वाड्यांत पहिला प्रश्न आडनावाचा असतो. नव्या सोसायट्या यातून सुटल्यात असं नाही, तिथे तोच प्रश्न फॉर्म भरताना येतो. पण जुन्या आळीत मालक स्वतःच वरच्या मजल्यावर राहत असतो, त्यामुळे तुमचं रोजचं जगणं त्याच्या मर्जीवर जास्त अवलंबून असतं.

मजेच्या बाबतीत मात्र जुनं गाव एक नंबर. नाशकात रंग खेळला जातो रंगपंचमीला. वर्षभर ज्या चौकातून गाड्या जातात तिथली माती आणि फळ्या त्या दिवसांत निघतात आणि खालून पेशवेकाळापासूनची दगडी रहाड, म्हणजे रंगाचा हौद, उघडते. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यात धप्पा मारून बाहेर आलेला माणूस पुढे दोन दिवस ऑफिसात ओळखू येतो. मे महिन्यात घाटावर वसंत व्याख्यानमाला असते, आणि १८४० साली सुरू झालेलं सार्वजनिक वाचनालय पायी अंतरावर. गंगापूर रोडच्या माणसालाही हे सगळं मिळतं, फक्त गाडी कुठे लावायची हे ठरवून निघावं लागतं.

आणि त्र्यंबक?

खरोखर लहान, खरोखर जुनं गाव हवं असेल तर त्र्यंबकेश्वर. नाशिकपासून साधारण २८ किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकवस्ती बारा हजारांच्या आसपास आणि नगरपरिषद मात्र १८५४ सालची. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचा गारवा, संध्याकाळी दर्शनाची गर्दी ओसरली की मिळणारी शांतता. हे सगळं आहे. पण गावाचं अर्थकारण यात्रेवर आणि पूजाविधींवर चालतं. त्या साखळीत तुमचं काम बसत नसेल तर तिथे तुम्ही कायमचे पाहुणे. पाऊस असा की जुलैत कपडे वाळत नाहीत आणि पुस्तकांना बुरशी धरते. मोठं दुखणं निघालं की नाशिकच गाठायचं. लिहिणाऱ्या, चित्र काढणाऱ्या माणसाने उन्हाळ्यात दोन महिने खोली घ्यावी. बिऱ्हाड हलवायची घाई करू नये.

केव्हा ठरवायचं

२०२६-२७ चा सिंहस्थ लक्षात घ्या. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या आसपास स्वतःच्या घरीसुद्धा गाडी नेता येत नाही, आणि वर्षानुवर्षं तोंड न दाखवलेले नातेवाईक स्नानासाठी मुक्कामाला येतात. त्या काळात जुन्या गावातल्या खोल्यांचं भाडं वेगळ्याच हिशेबाने सांगितलं जातं, म्हणून आत्ता कुणी “सिंहस्थात वसूल होईल” असं म्हणून वाडा गळ्यात मारत असेल तर त्याला उभं करू नका. अकरा महिन्यांच्या कराराने तळमजल्याची जागा घ्या. करारात जून ते सप्टेंबर, म्हणजे एक पावसाळा, येईल असं बघा, आणि घर तेवढ्यापुरतं दुसरीकडे ठेवा.