घरचे फायबर इंटरनेट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

साताऱ्यातील आमच्या घरी फायबरची जोडणी घेतली, त्याला नऊ महिने झाले. प्लॅन ६० एमबीपीएसचा आहे. महिना ५९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून साधारण ७०७ रुपये पडतात. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यामुळे जोडणीचा वेगळा खर्च घेतला नाही. माझे घरून चालणारे काम आणि अकरावीतल्या मुलीचे ऑनलाइन क्लास, एवढ्यासाठीच हा खटाटोप होता. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, यात हिशेब धरलेलाच नव्हता.

वेगाबद्दल तक्रार नाही. ६० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६० मेगाबिट, ६० एमबी (मेगाबाइट) नव्हे; आठ बिटचा एक बाइट, म्हणून त्याला ८ ने भागावे लागते, हे लक्षात घेतले तर फाइल उतरवताना साडेसातच्या आसपास दिसणारा आकडा योग्यच आहे. खरी अडचण घरातच निघाली. तंत्रज्ञाने वायर वाचवण्यासाठी राउटर दारामागे, चपलांच्या स्टँडवर बसवला होता. आमच्या भिंती जुन्या, दीड फुटी. मागच्या खोलीत वाय-फायच्या वेगवान पण भिंतींत अडणाऱ्या ५ गीगाहर्ट्‌झची रेंज पोहोचेचना आणि मुलगी क्लासच्या वेळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसू लागली. राउटर मधल्या खोलीत उंचावर घेतल्यावर, आणि तिचा लॅपटॉप भिंतीपलीकडे जास्त पोहोचणाऱ्या २.४ गीगाहर्ट्‌झवर जोडल्यावर, हा प्रश्न मिटला. त्याआधी मी शंभरचा प्लॅन घ्यायला निघालो होतो.

पावसाळ्यात मात्र पाच दिवस सेवा बंद होती. राउटरवरचा एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकू लागला की वायर कुठेतरी तुटली, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे. रोज ‘माणूस निघालाय’ असे उत्तर मिळाले. शेवटी पाचव्या दिवशी खांबावर जॉइंट मारून दिला. त्या दिवसांची मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. वीज जाण्याचा त्रास तुलनेने किरकोळ ठरला, कारण फायबरच्या खांबावरील स्प्लिटरला, म्हणजे एका वायरीतला सिग्नल अनेक घरांना वाटणाऱ्या पेटीला, वीज लागत नाही आणि घरातल्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावल्यावर दोन-अडीच तास निघतात.

आता वापराविषयी. मुलगी सारखी ऑनलाइन असते, असा अण्णांचा रोजचा आरोप होता. म्हणून राउटरच्या ॲपमध्ये कोणत्या उपकरणावर किती डेटा गेला, ते एकदा पाहिले. महिन्याच्या ४१० जीबीपैकी २६० जीबी एकट्या टीव्हीचे होते, आणि दुपारी बारा ते रात्री नऊ टीव्ही अण्णांच्या ताब्यात असतो. कीर्तने, जुनी नाटके, शेतीचे व्हिडिओ. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि बरेचदा समोर अण्णा घोरत असतात. आकडे दाखवल्यावर ते शांतपणे म्हणाले, “मी कुठे इंटरनेट वापरतो? मी टीव्ही बघतो.” व्हिडिओला डेटा जास्त लागतो, त्यामुळे जीबीवरून वेळ मोजता येत नाही, हे मुलीच्या बाजूने नव्हे तर अण्णांच्या बाजूने सांगायला हवे, पण तास मोजले तरी पहिला नंबर त्यांचाच लागला. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद केली, तर महिन्याचा आकडा तीनशेच्या खाली आला.

जोडणी चालू ठेवणार आहे. पुढच्या वेळी पैसे दरमहा भरीन, कारण सहा महिन्यांचे आधीच हातात पडल्यावर तक्रारीला वजन राहत नाही.