जुना ट्रॅक्टर घेताय? लिफ्ट तापवून बघा

जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारात कोणी फसलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "कागद बघितले नव्हते का?" आमचे कागद चोख होते. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर ट्रॅक्टरवर ठोकलेल्या नंबरांशी जुळत होता. बँकेचा बोजा उतरलेला होता. फॉर्म २९, ३० आणि ३५ वर सह्या होत्या आणि आरटीओत ट्रॅक्टर विनातक्रार थोरल्या भावाच्या, दादांच्या नावावर चढला. लबाडी होती ती लिफ्टच्या, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या आत आणि पुढच्या एक्सलच्या सपोर्टवरच्या रंगाखाली. तिथं कोणाचं लक्ष जात नाही म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमची जमीन माळशिरस तालुक्यात. काळी, भारी, ऊस आणि मक्याची. सहा फुटी रोटाव्हेटर आणि दोन फाळी हायड्रॉलिक पल्टी नांगर ओढेल असा ४५ एचपीचा ट्रॅक्टर हवा होता. नव्या ट्रॅक्टरचा हप्ता पेलणारा नव्हता, म्हणून हायवेलगतच्या एका सेकंड-हँड विक्रेत्याकडे गेलो. त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

त्यानं दाखवलेला ट्रॅक्टर नव्यासारखा चकचकीत होता. मागं नऊ फणी कल्टिव्हेटर जोडून ठेवलेला. लिव्हर ओढला की कल्टिव्हेटर झटक्यात वर. "इंजिन बंद करून बघा, इंचभर खाली येणार नाही," असं तोच म्हणाला, आणि खरंच लिफ्टचे हात जागचे हलले नाहीत. शेडमागच्या रानात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. "ही लिफ्ट १८०० किलो उचलते," म्हणाला. शिवाय क्लच हाउसिंगच्या दोन्ही बाजूंना बोल्टनं आवळलेल्या जाड प्लेटा दाखवून म्हणाला, "ही डोझरची सोय. उद्या शेत लेव्हल करायचं झालं तर फक्त पातं आणून जोडा. बाहेर ह्याच ब्रॅकेटला तीस हजार मोजावे लागतील." इसार दिला, पुढच्या आठवड्यात उरलेले पैसे दिले. एकूण चार लाख पस्तीस हजार.

रोटाव्हेटर लावून रानात घातला तेव्हा पहिला तासभर काहीच जाणवलं नाही. मग रानाच्या टोकाला वळताना लिफ्ट उशिरा उचलायला लागली. थोड्या वेळानं वर उचललेला रोटाव्हेटर आपोआप खाली-वर व्हायला लागला, मान डोलवल्यासारखा. दुपारी इंजिन बंद केलं आणि मिनिटाच्या आत अख्खा रोटाव्हेटर जमिनीवर बसला. त्या वेळी माझा पुतण्या ब्लेडमध्ये अडकलेलं पाचट काढायला खाली वाकणार होता. दादांनी ओरडून त्याला मागं खेचलं. चारशे-साडेचारशे किलोचं धूड आहे ते. पैशांपेक्षा मला राग ह्याचा जास्त आहे.

विक्रेत्याला फोन केला तर "सेटिंगचा विषय आहे" म्हणाला आणि एक पोरगा पाठवून दिला. त्यानं झाकण उघडून पाच लिटरच्या कॅनमधून आणखी ऑइल ओतलं. दोन दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. नंतर फोन उचलणं बंद.

अकलूजच्या एका जुन्या फिटरकडे ट्रॅक्टर नेला. त्यांनी ड्रेन बोल्ट काढला आणि हात पुढं करून म्हणाले, "बघा." काकवीसारखं दाट ऑइल धार न तुटता पडत होतं. कंपनी ह्या ट्रॅक्टरला गिअर, हायड्रॉलिक आणि ऑइलमधले ब्रेक ह्या तिघांना मिळून एकच पातळ ऑइल सांगते. इथं त्यात १४० नंबरचं गिअर ऑइल भरलं होतं. लिफ्ट काढली तर पिस्टनची ओ-रिंग एका बाजूनं फाटलेली आणि सिलेंडरच्या आत उभे चरे, नख फिरवलं तर अडकत होतं.

लिफ्टच्या सिलेंडरमध्ये पंपानं ढकललेलं ऑइल पिस्टनमागं कोंडून राहतं, त्यावर सगळं ओझं तोललेलं असतं. सील फाटलं किंवा कंट्रोल व्हॉल्व झिजला की ऑइल निसटतं, हात खाली येतात, ते बघून व्हॉल्व पुन्हा उघडतो, पंप पुन्हा उचलतो. डोलणं म्हणतात ते हेच. दाट ऑइल त्याच फटीतून हळू निसटतं, म्हणून थंड ट्रॅक्टरवर आणि दोनशे किलोच्या कल्टिव्हेटरवर लिफ्ट धडधाकट दिसते. तासभर काम होऊन ऑइल तापलं की पातळ होतं आणि दोष उघडा पडतो. शेडमागच्या दोन फेऱ्यांत ते कधीच तापत नाही, आणि हे त्या विक्रेत्याला पक्कं ठाऊक होतं. शिवाय असलं दाट ऑइल थंडीत पंपाला नीट ओढता येत नाही, त्यामुळे पंपही वाजायला लागला होता.

फिटर मग पुढं गेले. पुढचा एक्सल ज्या बिडाच्या सपोर्टवर बसतो तिथं त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं रंग खरवडला. रंगाखाली लांबी (पुट्टी) निघाली, लांबीखाली वेल्डिंग, आणि वेल्डिंगच्या कडेनं नवी चीर. ज्या प्लेटा "सोय" म्हणून दाखवल्या होत्या, त्यांच्यावर अनेक वर्षं डोझर बसलेला होता. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल हलकं वजन पेलायला बनवलेला असतो. त्याला मुरूम ढकलायला लावला की किंगपिन, हबची बेअरिंगं आणि सपोर्ट, सगळ्याची वाट लागते.

आरसी बुकावर आधीच्या मालकाचं नाव-गाव होतं. दादा त्यांच्या घरी गेले. माणूस सरळ होता. म्हणाले, "वीटभट्टीवर आणि मुरमाला चालवला. लिफ्ट गेलीय आणि पुढचा सपोर्ट तडकलाय हे सांगूनच मी विकला, म्हणून तर कमी पैसे घेतले." म्हणजे विक्रेत्याला सगळं माहीत होतं. त्यानं दुरुस्ती केली नाही, फक्त झाकण्याचा खर्च केला.

स्टॅम्प पेपरवर "ट्रॅक्टर जसा आहे तसा पाहून घेतला" असं एक वाक्य होतं. ते तो आजही पुढं करतो. पण माहीत असलेला दोष मुद्दाम झाकणं म्हणजे कपट, असं भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये स्पष्ट आहे. आम्ही वकिलामार्फत नोटीस दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. व्यवहाराची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तिथं फी लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. सल्ल्यासाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

घ्यायला जाणाऱ्यांनी एवढं करा. आधी फोन करून येतोय म्हणू नका. गेल्यावर बोनेटला आणि मागच्या हाउसिंगला हात लावून ट्रॅक्टर थंड आहे का बघा. नंतर आपलाच रोटाव्हेटर किंवा पल्टी जोडून निदान तास-दीड तास खरं काम करू द्या. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. ऑइल तापल्यावर अवजार पूर्ण वर घ्या, इंजिन बंद करा, हात किती उंचीवर आहेत ती खूण टायरवर खडूनं करा आणि चहा घेऊन या. त्या वेळात अवजाराखाली कोणालाही जाऊ देऊ नका. लिव्हर अर्ध्यावर ठेवला तर हात अर्ध्यावरच थांबले पाहिजेत. गिअर-हायड्रॉलिकच्या डिपस्टिकवरचं ऑइल बोटांत चोळा: दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, चिकट तार सुटत असेल तर आमच्यासारखा प्रकार.

आवर मीटरवर विसंबू नका, तो बदलता येतो. त्यापेक्षा लिफ्टच्या खालच्या हातांचे बॉल किती खिळखिळे झालेत, रोटाव्हेटर फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टचे दाते किती झिजलेत, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, हे बघा. क्लच हाउसिंगवर किंवा पुढच्या चेसिसवर जादा भोकं, प्लेटा, कापलेली ब्रॅकेटं दिसली तर डोझर किंवा लोडर लागलेला होता हे समजून चाला. पुढं अवजार जोडायचंच असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह घ्या, आणि कंपनीनं त्या मॉडेलला मान्य केलेलंच ब्रॅकेट बसवा. गावठी वेल्डिंगचं नको.

लिफ्ट किती किलो उचलते ह्या आकड्यावरही विसंबू नका. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय ट्रॅक्टर चाचणी संस्थेच्या अहवालात लिफ्टची ताकद दोन ठिकाणी मोजलेली असते, हातांच्या टोकाला आणि तिथून ६१० मिलिमीटर मागं. दुसरा आकडा बराच कमी असतो, आणि रोटाव्हेटरचं वजन प्रत्यक्षात मागंच पडतं. विक्रेता सांगतो तो पहिला.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागा. इसार देण्यापूर्वी आधीच्या मालकाला फोन करा. आणि "नवीन ऑइल टाकलंय" असं कोणी कौतुकानं सांगितलं, तर कोणत्या ग्रेडचं टाकलं ते त्या ऑइलच्या बिलावर दाखवा म्हणा.